शून्याखाली अकरा

मोडेमला चार दिवे.
तिसरा मिचकायला लागला की मी पेन उचलते.
कागद गिरणीत एकतीस वर्षं हिशेब लिहिले,
आता हा.

मंगळवार. नऊ वाजून बारा मिनिटं, गेलं.
नऊ सव्वीस, आलं.
नऊ एकतीसला परत गेलं, आणि ऑनेचं तोंड
"पंधरा दोन, पंधरा चार" मोजता मोजता
पडद्यावर अर्धं उघडं राहिलं.
पत्ते हातात. चष्मा नाकावर.
मार्क्वेटमधली माझी बहीण
शब्दासकट गोठलेली.

फोनवरचा मुलगा सांगतो, बंद करा,
तीस सेकंद मोजा, चालू करा.
डुलुथच्या माणसाला मोजायला शिकवतो!
धुक्यात भोंगा वाजला की पुढचा वाजेपर्यंत
आकडे म्हणतच आम्ही मोठ्या झालो.
मोजले तीस. मोजले साठ.

मग तळघरात उतरले.
स्प्लिटर काढून फेकला.
भट्टीच्या मागे एर्कीनं केलेला जोड होता,
त्याच्या पद्धतीनं, गरजेच्या तिप्पट टेप गुंडाळलेला.
सोडवायला वेळ लागला. मीच लावला.
आतलं पितळ हिरवं पडलेलं.
नवा जोड बसवला, घट्ट पिळला,
आणि रात्री नऊला
पहिले पाढे पंचावन्न.

कंपनीचा कोल्टन यायचा तो दुपारी एकला.
बुटांवर निळ्या पिशव्या, हातात मीटर.
"सिग्नल उत्तम आहे, मॅम."
डॉक्टर दारात आला की ताप उतरतो, तसं.
दुसऱ्या खेपेलाही उत्तम.
तिसऱ्या खेपेला त्यानं मोडेम बदलला
आणि जाताना हळूच विचारलं,
घरी तुमच्यासोबत कोणी असतं का.

ऑनेचं वेगळंच.
"हरायला लागलीस की बरं तुझं नेट जातं."

वेळेच्या शेजारी पारा मी का लिहायला लागले
ते मलाही ठाऊक नाही. रकाना मोकळा होता, एवढंच.
शून्याखाली चार. चालू.
शून्याखाली सहा. चालू. ऑने जिंकली.
शून्याखाली अकरा. गेलं.
शून्यावर नऊ. अख्खी संध्याकाळ चालू, ऑने जिंकली.
शून्याखाली अकरा. गेलं.
शून्याखाली तेरा. आलंच नाही.

फेब्रुवारीत लॉयड बेन्वा आला,
खांबांवर चढणारा, मिशीत बर्फ.
वही त्यानं उभ्यानंच वाचली,
मग टोपी काढून पुन्हा पहिल्या पानापासून.
म्हणाला, थंडीत तार आकसते.
मधला गाभा केसभर मागे सरतो,
जोडातून सुटतो.
दुपारी ऊन लागलं की परत टेकतो जागेवर.
तुमच्या घरात काही बिघडलेलंच नाही.

आडातच नव्हतं,
आणि मी आठ आठवडे पोहरा घासत होते.

"मग दिवसा सापडणार कसं?"
"दिवसा नाहीच सापडणार."

तो रात्री पावणेदहाला आला.
गल्लीत पिवळा दिवा फिरत होता,
समोरच्या हाल्वर्सनांचे पडदे हलले.
मी स्वयंपाकघरात, खिडकीला नाक लावून,
एक डोळा खांबावर, एक मोडेमवर.
वर पाळण्यात तो हातमोजे काढायचा,
दोन मिनिटं काम करायचा,
बोटं काखेत घालून बसायचा,
परत काढायचा.
सव्वाअकराला तिसरा दिवा स्थिर झाला.

कॉफी त्यानं दारातच प्यायली.
"या वेळी तारेला वळण जरा सैल ठेवलंय.
आकसली तरी पुरेल."

काल शून्याखाली चौदा.
चालू.
ऑने बावीस गुणांनी पुढे,
तोंड एकदाही न गोठता बोलतेय, बोलतेय,
पंधरा दोन, पंधरा चार, पंधरा सहा,
आणि हातात आणखी एक जोडी.

माझा हात मोडेमच्या बटणापर्यंत गेला होता.
खरं तेच लिहायचं, म्हणून लिहिते.
मागे घेतला.